शुगरच्या गोळीवर ‘धोकादायक’ असं का छापलेलं असतं?

घरात शुगरचा पेशंट असेल तर औषधांच्या डब्यात मेटफॉर्मिनची स्ट्रिप हमखास सापडते. ती उलटी करून उजेडात धरली की मागच्या चंदेरी बाजूवर एक छोटी चौकट दिसते. आत बारीक इंग्रजीत एक ओळ असते. तिचा मराठीत अर्थ असा: सावधान, वैद्यकीय देखरेखीशिवाय हे औषध घेणं धोकादायक आहे.

या चौकटीचं पुढे काय होतं, हे फॅमिली ग्रुपवर असलेल्या कोणालाही सांगायला नको. कोणीतरी फोटो काढतं, त्यावर लाल गोल मारतं आणि खाली लिहितं, ‘कंपनी स्वतःच सांगतेय, तरी आपण खातोय.’ फॉरवर्ड फिरतो. कुठल्यातरी घरातले काका गोळी बंद करून मेथीच्या पाण्यावर येतात. दुसरीकडे त्या चौकटीकडे ढुंकूनही न पाहणारेही कमी नाहीत. पाच-सात वर्षांपूर्वीची चिठ्ठी मेडिकलवर दाखवायची, तीच गोळी आणायची, मधल्या काळात एकही तपासणी नाही.

गोळी बंद करणारे आणि चिठ्ठीवर चालवणारे, दोघंही त्या ओळीचा अर्धाच भाग वाचतात. ‘धोकादायक’ हा शब्द दिसतो, ‘देखरेखीशिवाय’ हा शब्द सुटतो. आता देखरेख म्हणजे नेमकं कशावर लक्ष ठेवायचं? चौकटीत ते लिहिलेलं नसतं. आणि कामाची माहिती तर तीच आहे.

प्रश्न छोटा नाही. आयसीएमआरच्या पाहणीवर आधारित, २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. आणखी १३.६ कोटी लोक उंबरठ्यावर आहेत.

ही ओळ येते कुठून?

कंपनीच्या मनात आलं म्हणून ती छापलेली नसते. १९४५ च्या औषध नियमांमध्ये ‘शेड्यूल जी’ नावाची एक यादी आहे. त्या यादीतलं औषध असेल तर लेबलवर हीच ओळ, ठळकपणे आणि चौकटीत छापणं कायद्याने बंधनकारक आहे. चौकटीच्या आत दुसरा एकही शब्द चालत नाही. मेटफॉर्मिन, ग्लिबेनक्लामाइड आणि सगळ्या प्रकारचं इन्सुलिन या यादीत आहे.

पण त्याच यादीत आणखी कोण आहे बघा. ब्लिओमायसिन, बुसल्फान यांसारखी कॅन्सरवरची औषधं आहेत. आणि सर्दी-ॲलर्जीसाठी लोक सर्रास घेतात ती क्लोरफेनिरामिनसारखी औषधंही आहेत. म्हणजे कॅन्सरचं औषध आणि शिंका थांबवणारं औषध, दोन्हींसाठी शब्द अगदी तेच. त्यामुळे ही ओळ धोक्याची मोजपट्टी म्हणून वाचताच येत नाही. ‘हे औषध स्वतःच्या मनाने घ्यायचं नाही’ एवढाच तिचा अर्थ. यादीत टॉलब्युटामाइड, क्लोरप्रोपामाइड अशी आजोबांच्या काळातली नावंही आहेत, यावरून तिचं वय लक्षात यावं.

स्ट्रिपच्या डाव्या कडेला उभी लाल रेघ आणि कोपऱ्यात ‘आरएक्स’ ही खूण असेल, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही असा नियम आहे. २०१६ मध्ये केंद्र सरकारने या लाल रेघेची मोहीमच काढली होती, पण तिचा सगळा भर अँटिबायोटिक्सवर होता. शुगरच्या गोळ्यांवरची लाल रेघ कोणाच्या फारशी लक्षात आली नाही.

मेटफॉर्मिनमुळे किडनी जाते का?

सगळ्यात जास्त फिरणारा दावा हाच आहे. त्याच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे, फक्त ती दुसऱ्याच गोळीची आहे.

मेटफॉर्मिनचं एक भावंड होतं, फेनफॉर्मिन. दोन्ही एकाच कुळातली. फेनफॉर्मिन घेणाऱ्यांच्या रक्तात लॅक्टिक ॲसिड साचून मृत्यू होऊ लागले, म्हणून अमेरिकेने १९७७ मध्ये ते बाजारातून काढलं. भारतात त्यावर बंदी यायला २००३ उजाडलं. या भावंडाच्या बदनामीमुळे मेटफॉर्मिनकडेही संशयाने पाहिलं गेलं. फ्रान्समध्ये डॉ. जाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये ते मधुमेहासाठी वापरलं होतं, तरी अमेरिकेत ते मिळायला १९९५ पर्यंत थांबावं लागलं. आजही अमेरिकेत मेटफॉर्मिनच्या माहितीपत्रकावर लॅक्टिक ॲसिड साचण्याबद्दलचा इशारा काळ्या चौकटीत, म्हणजे तिथल्या सगळ्यात कडक स्वरूपात छापला जातो.

हा धोका किती मोठा? अमेरिकेतल्या माहितीपत्रकात बराच काळ छापलेला आकडा असा होता: एक हजार लोकांनी वर्षभर औषध घेतलं तर ०.०३ घटना. साध्या भाषेत, एक लाख लोकांमागे वर्षाला साधारण ३. आणि या ३ मध्येही बरेचसे असे, ज्यांची किडनी आधीपासून नीट चालत नव्हती.

इथेच गोंधळ होतो. मेटफॉर्मिन शरीरात मोडत नाही, जसंच्या तसं लघवीतून बाहेर पडतं. हे काम किडनी करते. किडनी मंदावली की औषध बाहेर पडत नाही, साचत जातं, आणि मग त्रास होतो. म्हणजे किडनी आधी बिघडते आणि त्यामुळे गोळी नकोशी होते. फॉरवर्डमध्ये हा क्रम उलटा झालेला असतो. किडनी खराब करण्याचं काम वर्षानुवर्षं चढलेली साखर करते. त्या भीतीने गोळी बंद करणारे नेमकं तेच ओढवून घेतात.

मग देखरेख कशावर? ईजीएफआर या आकड्यावर. रक्ताच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिनच्या शेजारी किंवा खाली तो असतो. आधी फक्त क्रिएटिनिन बघून निर्णय घेत, २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ईजीएफआर बघा असं सांगितलं. कारण क्रिएटिनिन फसवतं. समजा, रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन १.२ आलंय. तीस वर्षांच्या पुरुषाला तेवढं असेल तर सध्याच्या सूत्राने ईजीएफआर ८३ च्या आसपास येतो, म्हणजे ठीक. पण ७५ वर्षांच्या आजींना तेच १.२ असेल तर ईजीएफआर ४७ च्या घरात जातो. आजींच्या रिपोर्टवर नजर टाकून ‘नॉर्मलच्या जवळ आहे’ म्हणणाऱ्या नातवाला हा फरक कळतच नाही.

ईजीएफआर ३० च्या खाली गेला तर मेटफॉर्मिन चालत नाही. ३० ते ४५ च्या दरम्यान नव्याने सुरू करत नाहीत. आधीपासून चालू असेल तर ठेवायचं का, किती ठेवायचं, हे डॉक्टर ठरवतात. ही तपासणी वर्षातून निदान एकदा, वय जास्त असेल तर अधिक वेळा. जुन्या चिठ्ठीवर गोळ्या आणण्यातला धोका हाच. गोळी तीच राहते, किडनी तीच राहिलेली नसते.

सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून रंगद्रव्य देणार असतील तर मेटफॉर्मिन चालू असल्याचं आधी सांगायचं. किडनीची स्थिती बघून ते गोळी दोन दिवस थांबवायला सांगू शकतात. बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये बी-१२ कमी होऊ शकतं. हातापायाला मुंग्या आल्या की ‘शुगरमुळेच’ असं गृहीत धरण्याआधी ती तपासणीही करून घ्यावी.

एक गंमतही आहे. मेटफॉर्मिनची कल्पना ज्यातून सुचली ते संयुग गलेगा नावाच्या युरोपातल्या झुडपात सापडलं होतं. आजची गोळी कारखान्यात बनते, पण ‘केमिकल नको, झाडपाल्याचं घेऊ’ म्हणून ती सोडणाऱ्यांना हा इतिहास माहीत नसतो.

स्ट्रिपवरच्या नावातली अक्षरं

भारतात मधुमेहाची दोन-तीन औषधं एकत्र केलेली गोळीही भरपूर खपते. ब्रँडच्या नावापुढे एम, जी, पी, व्ही अशी अक्षरं लागतात. एम म्हणजे बहुधा मेटफॉर्मिन, पी म्हणजे बहुधा पायोग्लिटाझोन, व्ही म्हणजे बहुधा वोग्लिबोज. इथे ‘बहुधा’ महत्त्वाचं, कारण या अक्षरांना कुठलाही सरकारी नियम नाही. एका कंपनीचा जी ग्लिमेपिराइडचा असतो, दुसऱ्या कंपनीचा ग्लिक्लाझाइडचा.

अशा मिश्रणांचा सरकारलाही एकदा वैताग आला होता. मार्च २०१६ मध्ये केंद्राने अशा ३४४ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यात मधुमेहावरचीही अनेक होती. कंपन्या कोर्टात गेल्या, दिल्ली उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, पुन्हा तपासणी झाली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर नव्याने बंदी आली. तरीही बाजारात आजही मिश्रणं भरपूर आहेत, आणि त्यातली अनेक योग्यही आहेत. दिवसाला चार गोळ्यांऐवजी एक घ्यावी लागते, ही काही छोटी सोय नाही.

घोळ होतो तो दोन डॉक्टर असले की. हृदयाच्या डॉक्टरांनी एका ब्रँडची गोळी लिहिली, नेहमीच्या डॉक्टरांनी दुसऱ्या. नावं वेगळी, रंग वेगळा. पण दोन्हींत ग्लिमेपिराइड आहे, हे घरी कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून ब्रँडचं नाव न वाचता त्याच्या आसपासचं औषधाचं मूळ नाव वाचायचं. एकच औषध असलेल्या गोळीवर हे मूळ नाव ब्रँडपेक्षा मोठ्या अक्षरात हवं, असा नियम २०१८ पासून आहे. खपाच्या ३०० ब्रँडवर ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही सक्तीचा झाला. मोबाइलने स्कॅन केला की मूळ नाव, कंपनी, बॅच, बनवल्याची आणि मुदत संपल्याची तारीख दिसते.

मेडिकलवाल्याने दहातल्या चारच गोळ्या कापून दिल्या तर मात्र यातलं काहीच उरत नाही. बहुतेक वेळा तारखेचा भाग दुसऱ्या तुकड्यावर जातो.

नावावर ‘एसआर’, ‘एक्सआर’ किंवा ‘ईआर’ असेल तर ती गोळी पोटात हळूहळू विरघळते. ती तोडायची, चावायची किंवा कुटून पाण्यात द्यायची नसते, नाहीतर दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. अशा काही गोळ्यांचं रिकामं टरफल शौचातून बाहेर पडतं. ‘गोळी जशीच्या तशी बाहेर येतेय, म्हणजे लागूच पडत नाही’ असं वाटून लोक डोस वाढवतात. औषध आतच राहिलेलं असतं, बाहेर येतं ते फक्त कवच.

एकादशीच्या दिवशी गोळी घ्यायची का?

मराठी घरात देखरेखीची खरी परीक्षा उपवासाला होते. आणि याबद्दल स्ट्रिपवर एक अक्षरही नसतं.

मेटफॉर्मिन एकटं असेल तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याची शक्यता कमी असते. पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या वेगळ्या. त्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडतात, पोटात अन्न असो वा नसो. सकाळी सवयीने गोळी घेतली आणि आषाढीचा कडक उपवास धरला, की दुपारी घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. घरचे म्हणतात, ‘उपवासाने थकवा आलाय, जरा पडा.’ पडून राहिलेला माणूस बेशुद्धीकडे जातोय, हे लक्षात येत नाही. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर छातीत धडधडणं, हात कापणं ही लक्षणंही दबून जातात.

उलटा प्रकार साबुदाण्याचा. खिचडी, बटाटा, रताळं, राजगिऱ्याचे लाडू असा ‘उपवास’ असेल तर साखर उतरत नाही, चढते. म्हणजे निर्जळी आणि फराळी, दोन उपवासांना गोळीचा हिशेब वेगळा. नवरात्रात नऊ दिवस, रमजानमध्ये महिनाभर, वारीत दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालणं. यातलं काहीही करायचं असेल तर आधी डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. ते गोळीची वेळ बदलतात, डोस कमी करतात किंवा त्या दिवसापुरती थांबवतात. बरेच लोक हे सांगत नाहीत, कारण ‘डॉक्टर उपवास करू नका म्हणतील’.

साखर ७० च्या खाली गेली तर लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचं, म्हणजे साधारण तीन-चार छोटे चमचे पाण्यात. १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, कमीच असेल तर पुन्हा घ्यायचं. मीटर जवळ नसेल तर लक्षणांवर विश्वास ठेवायचा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं. या गोळ्यांचा असर बराच वेळ टिकतो, त्यामुळे साखर सावरली तरी काही तासांनी पुन्हा घसरू शकते. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून हॉस्पिटलमधून लगेच घरी जायची घाई इथे महागात पडते. वय जास्त आणि किडनी मंद असेल तर ग्लिबेनक्लामाइड आणखी रेंगाळतं, म्हणून वृद्धांना ते टाळावं असं तज्ज्ञ सांगतात.

आता ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. वर ‘ग्लुकोज’ लिहिलंय, ‘साखर’ नाही. ज्यांच्या गोळीत वोग्लिबोज किंवा अकार्बोज आहे, त्यांच्यासाठी हा फरक फार मोठा आहे. ही औषधं आतड्यात साध्या साखरेचं विघटन लांबवतात, तेच त्यांचं काम. अशा माणसाला चहाची साखर, पेढा किंवा गूळ भरवला तरी रक्तातली साखर लवकर वर येत नाही. थेट शोषलं जाणारं ग्लुकोजच लागतं. नावात व्ही असलेली गोळी घरात येत असेल तर ग्लुकोज पावडरचा डबा घरात आणि छोटी पुडी खिशात हवी.

‘फ्लोझिन’वाल्या गोळ्या आणि आजारपणाचा दिवस

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही नावं गेल्या काही वर्षांत चिठ्ठीवर वारंवार दिसू लागली आहेत. पेटंट संपल्यावर भारतात त्या स्वस्त झाल्या, हे एक कारण. हृदय आणि किडनीला त्यांचा फायदा होतो, हे दुसरं. या गोळ्या जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यामुळे लघवीच्या जागी खाज, बुरशीचा संसर्ग हा नेहमीचा त्रास. लाजेपोटी बायका तो सांगत नाहीत, पुरुष तर त्याहून नाहीत. बहुतेकदा साध्या मलमाने बरं होतं. पण त्या भागात ताप, सूज आणि तीव्र वेदना सुरू झाल्या तर थांबायचं नाही. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अशा प्राणघातक ठरू शकणाऱ्या संसर्गाबद्दल इशारा दिला. पाच वर्षांत १२ घटना समोर आल्या होत्या. संख्या अगदी कमी, पण गाफील राहिलं तर वेळ हातात राहत नाही.

दुसरा इशारा २०१५ चा. या गोळ्या घेताना क्वचित रक्तात कीटोन नावाची आम्लं साचतात. नेहमी अशा वेळी शुगर ४००-५०० असते, त्यामुळे कोणाच्याही लक्षात येतं. इथे मीटरवर १८०-२०० दिसतं आणि सगळे निर्धास्त राहतात. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप, प्रचंड थकवा ही लक्षणं असतील तर मीटरवरचा आकडा बरा दिसला तरी हॉस्पिटल गाठून ‘मी फ्लोझिनची गोळी घेतो’ असं सांगायचं. ठरवून होणाऱ्या ऑपरेशनच्या निदान तीन दिवस आधी डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन थांबवावं, असं त्यांच्या माहितीपत्रकात आहे. मोतीबिंदूपासून बायपासपर्यंत कुठलंही ऑपरेशन ठरलं की हा प्रश्न विचारायचाच.

जुलाब-उलट्या लागल्या, तापात खाणं-पिणं बंद झालं, की मेटफॉर्मिन आणि फ्लोझिन दोन्ही अडचणीची होतात. अंगातलं पाणी कमी, किडनीवर ताण, औषध साचतं. डॉक्टर सहसा अशा दोन-तीन दिवसांपुरत्या या गोळ्या थांबवायला सांगतात. इन्सुलिनचं मात्र उलट. ‘खाल्लंच नाही तर सुई कशाला’ म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करणं जिवावर बेतू शकतं, विशेषतः टाइप-१ मध्ये. डोस बदलेल, बंद होणार नाही. आजारी पडल्यावर फोन लावत बसण्यापेक्षा पुढच्या भेटीतच ‘आजारी पडलो तर यातलं काय थांबवायचं?’ असं विचारून चिठ्ठीवर लिहून घेतलेलं बरं.

४० की १००?

इन्सुलिनच्या लेबलवरचा सगळ्यात महत्त्वाचा शब्द हा शब्द नसून आकडा आहे. भारतात इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची.

अदलाबदल झाली तर काय होतं? डोस १० युनिटचा आहे असं धरू. बाटली १०० ची आणि हातात ४० ची सिरिंज. १० च्या रेघेपर्यंत भरलं की पाव मिलिलिटर येतं, म्हणजे २५ युनिट अंगात गेले. अडीचपट. उलट झालं, बाटली ४० ची आणि सिरिंज १०० ची, तर १० च्या रेघेवर फक्त ४ युनिट जातात आणि शुगर का उतरत नाही हे कोणालाच कळत नाही. पुण्या-मुंबईतून गावी गेल्यावर सिरिंज संपली, स्थानिक मेडिकलमधून ‘इन्सुलिनची सुई द्या’ म्हणून आणली, की ही चूक होते. मागताना आकडा सांगायचा. पेनचं कार्ट्रिज सहसा १०० चं असतं, त्यातलं इन्सुलिन सिरिंजने काढून ४० च्या हिशेबाने घेऊ नये.

न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजच्या आत ठेवायची. फ्रीझरमध्ये कधीच नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामी. वापरात असलेली बाटली घरातल्या थंड जागी साधारण चार आठवडे टिकते. उघडल्याची तारीख पेनाने तिच्यावर लिहून ठेवायची, कारण छापलेली मुदत बंद बाटलीसाठी असते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात वीज गेली की फ्रिजचा भरवसा नाही. तिथे ओल्या मातीच्या माठात ठेवलेल्या भांड्यात, पाणी लागू न देता, इन्सुलिन जपणारी घरं आहेत, आणि डॉक्टरही हा उपाय सुचवतात.

लाल अक्षरांतला एक इशारा

भारतीय नियामकाने मधुमेहाच्या एका गोळीला वेगळा, नेमका इशारा लावला, त्याची गोष्ट सांगायलाच हवी. पायोग्लिटाझोन. तिची जुळी बहीण रोसिग्लिटाझोन हृदयाच्या धोक्यामुळे २०१० मध्ये भारतात बंद झाली होती. १८ जून २०१३ ला सरकारने मूत्राशयाच्या कॅन्सरच्या शंकेवरून पायोग्लिटाझोनची विक्रीही थांबवली. डॉक्टर वैतागले, कारण औषध स्वस्त होतं आणि लाखो लोक ते घेत होते. दीड महिन्यातच, ३१ जुलैला, बंदी उठली. पण अटींवर. पहिल्यांदा उपचार सुरू करताना हे औषध वापरू नये, आणि माहितीपत्रकावर ठळक लाल अक्षरांत इशारा हवा: मूत्राशयाचा कॅन्सर असलेल्या किंवा होऊन गेलेल्या, तसंच लघवीतून रक्त जाण्याचं कारण न तपासलेल्या पेशंटला हे देऊ नये.

इशारा असा असावा. कोणाला, कधी, का, सगळं स्पष्ट. पण तो छापला जातो माहितीपत्रकावर, आणि ते पत्रक डॉक्टरांसाठी असतं. मेडिकलच्या काउंटरवर कापलेल्या स्ट्रिपसोबत ते घरी येत नाही. ज्याने लघवीचा रंग बघायचा, पायाला सूज येतेय का, चालताना धाप लागतेय का यावर लक्ष ठेवायचं, त्याच्यापर्यंत ही लाल अक्षरं पोहोचतच नाहीत.

रील्सवरची इंजेक्शनं आणि ‘शुगर मुळापासून’

वजन उतरवणारी आठवड्याची इंजेक्शनं, सेमाग्लुटाइड आणि टिरझेपाटाइड, आता सगळ्यांना माहीत झाली आहेत. मुळात ती मधुमेहाची औषधं. टिरझेपाटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आलं. अमेरिकेत यांच्यावर काळ्या चौकटीत थायरॉइडच्या एका गाठीबद्दल इशारा आहे. ती गाठ उंदरांमध्ये दिसली होती, माणसांत होते का हे ठरलेलं नाही. पण स्वतःला किंवा घरात कोणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर झाला असेल तर हे औषध वर्ज्य. टिरझेपाटाइडमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो. सुरू केल्यावर आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे दुसरी काळजी घ्यावी लागते. रील्समध्ये हे कोणी सांगत नाही. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बनावट सेमाग्लुटाइडबद्दल इशारा दिला होता. असा माल ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत सापडला होता. इन्स्टाग्रामवर मेसेज करून मागवलेलं इंजेक्शन खरं की खोटं, हे घरी तपासायची सोय नाही.

दुसऱ्या टोकाला ‘शुगर मुळापासून घालवा’वाले. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. त्याच्या यादीत मधुमेहाचं नाव स्पष्ट आहे. तरी जाहिराती दिसतातच. यातल्या काही ‘हर्बल’ पुड्यांनी शुगर खरंच झटकन उतरते, आणि चिंता तिथेच आहे. अशा उत्पादनांत न सांगता ग्लिबेनक्लामाइड किंवा मेटफॉर्मिन मिसळलेलं वेगवेगळ्या देशांच्या औषध नियामकांना सापडलेलं आहे. म्हणजे ज्या चौकटीला घाबरून गोळी सोडली, तीच गोळी चौकटीशिवाय, डोस माहीत नसताना पोटात जाते.

कुठल्याही औषधाने त्रास झाला तर त्याची नोंद सामान्य माणूसही करू शकतो. त्यासाठी गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनची १८००-१८०-३०२४ ही टोल फ्री हेल्पलाइन आहे. स्ट्रिप हातात घेऊन फोन करायचा, म्हणजे मूळ नाव आणि बॅच नंबर सांगता येतो. लेबल इंग्रजीत असलं तरी तक्रारीचा फॉर्म मराठीतही मिळतो.